परतफेड येते कुठून?

लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापायची पद्धत पडून बरीच वर्षं झाली. तरी हॉलच्या दाराशी एक काका वही घेऊन बसलेले असतातच. पाकीट आलं की नाव, गाव, रक्कम. लग्न पार पडलं की वही कपाटात जाते आणि पाच-सात वर्षांनी त्यातल्या एखाद्या नावाच्या घरी मुंज निघाली की बाहेर येते. 'त्यांनी आपल्याला काय केलं होतं' ते पाहिलं जातं. पाचशे एक आले असतील तर पाचशे एक जातात. महागाई लक्षात घेऊन कुणी हजार एक करतं. याला औदार्य कुणी म्हणत नाही आणि लबाडीही कुणी म्हणत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५च्या सुमारास भेटींवर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात पॅसिफिक बेटांपासून वायव्य अमेरिकेतल्या जमातींपर्यंतचे दाखले देऊन हेच मांडलं आहे: द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परतही करावं लागतं, स्वेच्छा असते ती वरवरची. आपल्याकडच्या कुठल्याही आत्याबाईंना हे निबंध न वाचता ठाऊक असतं.

हल्ली हाच विषय उद्योजकांच्या मेळाव्यांत नव्या कपड्यांत भेटतो. 'आधी द्या, मग आपोआप मिळतं' असं व्यासपीठावरून सांगितलं जातं. बीएनआय हा १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेला व्यावसायिकांचा क्लब आता आपल्या शहरांतही पसरला आहे; त्याचं तर घोषवाक्यच 'गिव्हर्स गेन'. दर आठवड्याला सकाळी भेटायचं, एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा आणि एकमेकांना गिऱ्हाइकं मिळवून द्यायची. पद्धत चालते यात शंका नाही. पण ती आहेराच्या वहीच्या जवळची की उदारपणाच्या, हे विचारायला हरकत नसावी.

'उदारपणाने धंदा वाढतो का, माणूस पुढे जातो का' हा प्रश्न असा मोघम विचारला तर उत्तरही मोघमच येतं. त्यापेक्षा परतफेड येते कुठून, ते पाहावं. ती घेणाऱ्याकडून येते, हाताखालच्या माणसांकडून येते, की बघणाऱ्या चारचौघांकडून? या तिन्ही दारांचे हिशेब निराळे आहेत. शिवाय काहींच्या वाट्याला ती येतच नाही.

घेणाऱ्याकडून येणारी परतफेड सगळ्यांत लवकर येते आणि संशोधकांनी ती भरपूर मोजली आहे. अमेरिकेत डेनिस रीगन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा होता. दोघं जण चित्रांना गुण देत बसले आहेत. त्यातला एक संशोधकाचाच माणूस. मधल्या सुट्टीत तो बाहेर जातो आणि येताना स्वतःला एक कोका-कोला आणि दुसऱ्यालाही एक घेऊन येतो. थोड्या वेळाने तो सोडतीची तिकिटं विकायला काढतो. कोला मिळालेल्यांनी इतरांच्या जवळजवळ दुप्पट तिकिटं घेतली. तो माणूस त्यांना आवडला होता की नाही, याने फारसा फरक पडला नाही. अर्थतज्ज्ञ आर्मिन फाल्क यांनी स्वित्झर्लंडमध्ये एका धर्मादाय संस्थेच्या सुमारे १० हजार आवाहन-पत्रांवर असाच प्रयोग केला. काही पाकिटांत नुसतं आवाहन होतं, काहींत एक चित्रकार्ड भेट म्हणून, काहींत चार. एका कार्डाने देणग्यांची संख्या १७ टक्क्यांनी वाढली आणि चार कार्डांनी ७५ टक्क्यांनी. बिलाबरोबर बडीशेपेची वाटी आपुलकीने पुढे करणाऱ्या वेटरला हे शास्त्र कुणी शिकवलेलं नसतं, पण टिपेचा अंदाज त्याला असतो.

हे तंत्र फार चांगलं चालतं, आणि म्हणूनच मला ते सगळ्यांत संशयास्पद वाटतं. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या जेवणांचा अभ्यास अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झाला. वीस डॉलरच्या आतलं एक जेवण घेतलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतही त्या कंपनीच्या ब्रँडचं प्रमाण जास्त दिसलं. कुणी लाच दिली नव्हती, कुणी काही कबूल केलं नव्हतं. जेवणामुळे चिठ्ठी बदलली एवढं ठामपणे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही, पण कंपन्या वर्षानुवर्षं जेवणं उगाच घालत नसणार. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल दिला, की डॉक्टरांना वाटलेल्या भेटवस्तूंचा खर्च कंपनीला प्राप्तिकरात धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये औषध विक्रीची नवी आचारसंहिताही आली. त्याआधी पेनपासून परदेशवारीपर्यंतचा हा सगळा व्यवहार 'संबंध राखणं' या गोड नावाखालीच चालत होता.

याच जातीचं, पण कितीतरी कठोर उदाहरण बीड, अहिल्यानगरच्या वाड्या-वस्त्यांत दर पावसाळ्याच्या अखेरीस दिसतं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला, म्हणजे मुकादमाच्या भाषेत एका 'कोयत्याला', हंगामाआधी उचल मिळते. घरात लग्न असतं, आजारपण असतं, शाळेची फी असते. बँक दारात उभं करत नाही आणि मुकादम रोख पैसे मोजतो. अडीअडचणीला तोच धावून येतो, हे खोटं नाही. पण ऊस तोडून उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि पुढच्या वर्षी कुणाच्या टोळीत जायचं हे ठरवण्याचा हक्क संपतो. देणारा उदार दिसतो आणि घेणारा बांधला जातो. आडत्याने पेरणीला दिलेल्या पैशाचंही बरेचदा असंच होतं. माल त्याच्याच गाळ्यावर उतरतो. मिंधं करून मिळणारी परतफेड खात्रीची असते, पण ती त्या एका माणसापुरतीच राहते, आणि सुटका होताच तो माणूस पाठ फिरवतो.

दुसरं दार कारखान्याचं. इथे हेन्री फोर्डची गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि नेहमी अर्धीच सांगितली जाते. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने डेट्रॉइटच्या कारखान्यात नऊ तासांना २ डॉलर ३४ सेंट ही मजुरी बदलून आठ तासांना ५ डॉलर जाहीर केली. दुसऱ्या दिवशी दारात हजारोंची झुंबड उडाली. फिरत्या पट्ट्यावरचं काम इतकं कंटाळवाणं होतं की माणसं टिकत नव्हती. सुमारे १४ हजारांचा ताफा राखायला १९१३ साली ५० हजारांहून जास्त माणसं भरती करावी लागली होती. प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचं, तो शिकतो तोवर निघून जायचा. पाच डॉलरनंतर गळती आणि गैरहजेरी कोसळली. मजुरी वाढवून फोर्डने खर्च वाचवला, आणि आपण वाचवत आहोत हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

न सांगितला जाणारा अर्धा भाग असा: पाच डॉलरमधला मोठा वाटा मजुरी नव्हताच, नफ्यातला हिस्सा होता, आणि तो अटींवर मिळायचा. त्यासाठी कंपनीने 'सोशिऑलॉजिकल डिपार्टमेंट' उघडलं. निरीक्षक कामगाराच्या घरी जात, दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, बचत करतो का ते वहीत लिहीत. बायकांना हा हिस्सा सुरुवातीला नव्हताच. देणाऱ्याने दिल्याच्या बळावर घराचं दार उघडून आत यायचं, हे मुकादमाच्या उचलीपेक्षा फार वेगळं नव्हे. फक्त चौकशी करणारा सुटाबुटात होता.

मुंबईच्या गिरण्यांत याची आणखी एक बाजू दिसली. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना तुफान नफा झाला. मालकांनी १९१७ पासून 'वॉर बोनस' द्यायला सुरुवात केली आणि पुढे वर्षाला एका पगाराएवढा बोनस पडू लागला. मालकांच्या लेखी ती खुशी होती. १९२३ साली नफा घटल्यावर त्यांनी हात आखडता घेतला, तेव्हा कामगारांनी ती कापलेली मजुरी मानली. १९२४च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. चौकशी समितीने बोनसवर त्यांचा कायदेशीर हक्क नाही असं सांगितलं आणि संप मोडला, पण प्रश्न मिटला नाही. १९६५च्या कायद्याने किमान बोनस बंधनकारक केला. आज तो ८.३३ टक्के आहे. दरवर्षी दिलेली भेट काही वर्षांत हक्क होते, आणि होणारच. माणूस तिच्या भरवशावर भाडं ठरवतो, मुलाची फी भरतो. दिवाळीच्या तोंडावर 'यंदा जमणार नाही' म्हणणाऱ्या मालकाला जी नाराजी सोसावी लागते, ती कधीच बोनस न देणाऱ्यापेक्षा जास्त असते.

मग कामगारांशी उदारपणे वागून काही मिळतं की नाही? दोन प्रयोग शेजारी ठेवण्यासारखे आहेत. उरी ग्नीझी आणि जॉन लिस्ट यांनी २००६ साली दाखवलं, की ठरल्यापेक्षा जास्त मजुरी अचानक दिली तर पहिले काही तास माणसं जोमाने काम करतात आणि दुपारनंतर गाडी मूळ पदावर येते. जर्मनीतल्या एका ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायला विद्यार्थी घेतले होते. तिथला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला ठरलेल्या पैशांवर सात युरो अचानक जास्त मिळाले. दुसऱ्या गटाला तेवढ्याच किमतीचा थर्मास मिळाला, छान कागदात गुंडाळून. पैसेवाल्यांच्या कामात जेमतेम फरक पडला. थर्मासवाल्यांनी सुमारे २५ टक्के जास्त नोंदी केल्या. तेव्हा संशोधकांनी आणखी एका गटाला पैसेच दिले, पण नोटेची ओरिगामीसारखी घडी घालून. वाढ पुन्हा दिसली. म्हणजे जादू थर्मासची नव्हती. कुणीतरी आपल्यासाठी खटपट केली, हे घेणाऱ्याला दिसलं. आता आपल्याकडची दिवाळी आठवा. खरेदी विभागाने घाऊक मागवलेला सोनपापडीचा डबा, त्यावर कंपनीचं छापील कार्ड. तो डबा कर्मचाऱ्याच्या घरून वहिनींच्या माहेरी, तिथून शेजाऱ्यांकडे असा फिरत राहतो, कारण त्यात कुणाचीच खटपट नसते.

टाटांचं नाव या विषयात टाळता येत नाही. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस आला. आपल्याकडे कायद्याने तशी मर्यादा यायला आणखी तीन तपं जायची होती. पण त्याच जमशेदपुरात १९२०, १९२२ आणि १९२८ साली मोठे संप झाले. मालक उदार म्हणून पगाराचा प्रश्न सुटत नाही. टाटांच्या देण्यातली मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. जमशेटजींनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला आणि परदेशी शिकायला जाणाऱ्यांना त्यातून कर्जरूपी शिष्यवृत्ती दिली. शिकून आल्यावर पैसे फेडायचे. त्यामुळे घेणारा मिंधा राहत नाही आणि फेडलेल्या पैशांतून पुढच्याला मिळतं. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच शिष्यवृत्तीवर. अशा विद्यार्थ्यांनी टाटांच्याच कंपनीत नोकरी करावी अशी अट नव्हती. तरीही या समूहाला सव्वाशे वर्षं त्यातून काय मिळालं ते कुठल्याही मध्यमवर्गीय घरात विचारावं. 'टाटा आहे ना, मग बघायला नको' हे वाक्य जाहिरातीने विकत मिळत नाही.

इथून तिसरं दार सुरू होतं. घेणारा काही परत करत नाही. परतफेड बघणाऱ्यांकडून येते, उशिरा येते, आणि आली तर पहिल्या दोन्ही दारांपेक्षा मोठी येते.

मुंबईच्या शेटियांनी हे एकोणिसाव्या शतकातच ओळखलं होतं. जमशेटजी जिजीभॉय यांची संपत्ती मोठ्या प्रमाणात चीनच्या व्यापारातून, त्यातही अफूतून आली. ज्या नावाने अफू पेट्या भरून जहाजावर चढली, त्याच नावाचं रुग्णालय १८४५ साली भायखळ्याला उघडलं. माहीमच्या खाडीवरचा रस्ता त्याच साली झाला, तोही मुख्यत्वे त्यांच्या पत्नी लेडी अवाबाईंच्या सुमारे दीड लाख रुपयांतून. १८४२ साली जमशेटजी 'सर' झाले आणि १८५७ साली बॅरोनेट. दोन्ही मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दानाने प्रतिष्ठा आली, प्रतिष्ठेने सरकारदरबारी शब्दाला वजन आलं आणि त्याचा धंद्याला उपयोग झाला. इथे नाक मुरडणं सोपं आहे. पण जे. जे.च्या खाटेवर आज पडलेल्या रुग्णाला अफूचा जाब द्यायचा नाही, हेही खरं.

प्रेमचंद रायचंद यांची गोष्ट तर हिशेबाला हसण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या धुंदीत १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी मिळून चार लाख रुपये देऊ केले. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं, नाव देण्याची इच्छा होती. १८६५ साली यादवी संपली, कापूस कोसळला, शेअरबाजार बुडाला आणि त्याबरोबर प्रेमचंदही. मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. मैदानातून वर पाहणाऱ्याला तो दिसतो. त्यांच्या बुडालेल्या कंपन्यांची नावं आज कुणाला सांगता येतील?

या सगळ्यांत मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचं उदाहरण मात्र दानाचं नाही, मासिकाचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी त्यांना कुंडलजवळचं माळरान दिलं. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. तिथल्या कारखान्याचे लोखंडी नांगर विकणं सुरुवातीला अवघड होतं. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती द्यायची, एवढाच मूळ हेतू. पण शंकररावांनी त्यात हळूहळू जग आणलं: धंदा कसा काढावा, विज्ञान, आरोग्य, कथा, जुन्या रूढींवर सडकून लेख. १९३० साली 'स्त्री' आलं, १९३४ साली 'मनोहर'. ज्या घराने आयुष्यात कधी नांगर घेतला नाही आणि घेणारही नव्हतं, त्या घरात किर्लोस्कर हे नाव दर महिन्याला टपालाने येऊ लागलं. वाचकाला काही विकत घ्यायची भीड नव्हती. अंकाची वर्गणी भरली, वाचला, विषय संपला. फ्रान्समध्ये टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी १९०० सालापासून मोटारवाल्यांना फुकट वाटलेल्या मार्गदर्शिकेचं कौतुक व्यवस्थापनाच्या वर्गात हमखास होतं. किर्लोस्करवाडीच्या मासिकांचं त्या वर्गांत कुणी नाव काढत नाही, हे आपलं नेहमीचंच.

तळेगावचा पैसा फंड काच कारखाना याच काळातला. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा मागत फिरून निधी उभारला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली कारखाना सुरू झाला. या कारखान्याने काच करण्याबरोबर ती करायला शिकवण्याचं कामही अंगावर घेतलं. इथे तयार झालेली माणसं बाहेर पडून दुसरीकडे काच करू लागली, म्हणजे कारखाना आपले स्पर्धक स्वतःच घडवत होता. स्वदेशीच्या हिशेबाने ते यश होतं, ताळेबंदाच्या हिशेबाने नव्हे. दोन्ही हिशेब एकदम जुळतात असं सांगणाऱ्यांनी तळेगावला जाऊन यावं.

कधी ते जुळतातही. व्होल्वोचे अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ साली तीन टोकांचा सीटबेल्ट केला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतर मोटार कंपन्यांना खुलं ठेवलं. सुरक्षित गाडी म्हणजे व्होल्वो हा लौकिक त्यानंतर कित्येक दशकं टिकला. लिनक्सचं तर आता सांगायला नको. १९९१ साली एका फिनिश विद्यार्थ्याने सुरू केलेल्या फुकट प्रणालीवर आज मोठमोठ्या कंपन्या पगारी माणसं बसवून काम करतात, कारण सगळ्यांचा पाया एकच असला तर प्रत्येकाचा खर्च वाचतो.

पण तिसऱ्या दाराचा सर्वांत बारकाईने पाहण्यासारखा नमुना मदुराईत आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ साली त्यांनी अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. पैसे देणाऱ्यांकडून घ्यायचे, नसणाऱ्यांवर फुकट किंवा नाममात्र दरात शस्त्रक्रिया करायची. गरिबीचा दाखला मागायचा नाही. कुठल्या रांगेत उभं राहायचं ते रुग्ण ठरवतो. पैसेवाले सरसकट फुकटच्या रांगेत घुसतील असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. पैसे भरणाऱ्याला वेगळी खोली, वातानुकूलन, आवडीची सोय मिळते. शस्त्रक्रिया करणारे हात मात्र तेच.

हे परवडतं कसं, ते शस्त्रक्रियागृहात दिसतं. सर्जनच्या दोन बाजूंना दोन टेबलं. एकावर मोतीबिंदू काढणं चालू असतं तेव्हा दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार केलेला असतो. काम संपलं की सूक्ष्मदर्शकाचा दांडा पलीकडे वळतो आणि सर्जनही. तयारी, थेंब, पट्टी हे सगळं खेड्यापाड्यांतून निवडून प्रशिक्षित केलेल्या मुली करतात. त्यामुळे डॉक्टरचा वेळ फक्त डोळ्यावर खर्च होतो आणि एका शस्त्रक्रियेचा खर्च खाली येतो. फुकटच्या रुग्णांमुळे संख्या वाढते, संख्येमुळे हात सफाईदार होतात, हात सफाईदार म्हणून पैसे भरणारेही इथेच येतात. कृत्रिम भिंग परदेशातून महाग पडायचं, म्हणून १९९२ साली त्यांनी ऑरोलॅब काढून भिंगं स्वतः बनवली आणि किंमत कितीतरी पटींनी खाली आणली. ही सगळी पद्धत दुसऱ्या रुग्णालयांना शिकवायलाही त्यांनी संस्था उभारली. इथे औदार्य नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम नाही. ते काढून घेतलं तर रुग्णालयाचं अर्थकारणच बसेल.

आपल्याकडचं सीएसआर, म्हणजे कंपन्यांचं सामाजिक दायित्व, याच्या अगदी उलट टोकाला आहे. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यातलं एकही असलं तर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. तो खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नाही. कारखान्याच्या आसपासच्या भागाला पसंती द्यावी असं कायदाच सांगतो. साहजिकच जिथे उद्योग आहेत तिथे निधी जातो. शाळांना बाकं, गावाला पाण्याची टाकी, हे होतं आणि व्हावंही. पण सक्तीने दिलेल्याचं श्रेय घेणाऱ्या फलकाकडे लोक कराच्या पावतीसारखंच पाहतात. यातून कंपनीला सदिच्छा मिळते असं मानून जाहिरात विभागाला कामाला लावणाऱ्यांबद्दल मला जरा दयाच येते.

आता माणसाकडे, ऑफिसातल्या साध्या माणसाकडे यावं. व्हार्टन बिझनेस स्कूलचे अ‍ॅडम ग्रँट यांचं २०१३ सालचं 'गिव्ह अँड टेक' हे पुस्तक या विषयावर सर्वांत जास्त उद्धृत होतं, आणि बहुतेकदा 'देणारेच जिंकतात' एवढ्यावर आटोपतं. त्यातलं निरीक्षण याहून खोचक आहे. कामगिरीच्या यादीत देणारे सगळ्यांत वर सापडतात आणि सगळ्यांत खालीही. घेणारे आणि बरोबरी राखणारे मधे. बेल्जियमच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत पहिल्या वर्षी इतरांना मदत करणारेच मागे पडलेले दिसले. पुढच्या वर्षांत, काम वॉर्डांत आणि गटांत होऊ लागल्यावर, तेच वर आले. फ्रान्सिस फ्लिन यांनी कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांचा अभ्यास केला, त्यात आणखी एक धागा मिळतो. जे नुसतेच देत राहिले त्यांना मान मिळाला पण त्यांचं स्वतःचं काम रखडलं. जे वरचेवर देत होते आणि वरचेवर मागतही होते, त्यांना मानही मिळाला आणि कामही झालं. मागायला लाजणाऱ्या उदार माणसाचा घाटा होतो, हे आपल्या घराघरांतल्या थोरल्या भावांकडे पाहूनही सांगता आलं असतं.

ज्यांच्या औदार्याची परतफेड येत नाही, त्यांत बायकांचा नंबर पहिला. न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात (२००५) तेच जास्तीचं मदतीचं काम पुरुषाने केलं तर त्याचं मूल्यांकन वर गेलं, स्त्रीने केलं तर जागच्या जागी राहिलं. तिने नाही म्हटलं तर मात्र खाली आलं. त्याचं नाही म्हणणं खपून गेलं. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१७च्या प्रयोगांत ज्या कामातून बढती मिळत नाही अशा कामाला बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा पुढे आल्या, आणि अशा कामासाठी विचारणाही त्यांनाच ४४ टक्के जास्त झाली. गटात नुसते पुरुष असले की पुरुषही तितक्याच वेळा पुढे येत होते. म्हणजे हा बायकांचा स्वभाव नव्हे. कुणीतरी बाई करेल या खात्रीवर बाकीचे बसून राहतात. निरोप समारंभाची वर्गणी गोळा करणं, बैठकीची टिपणं काढणं, नव्या मुलाला सिस्टीम शिकवणं, हे करणाऱ्या ताईंना 'तुमच्यामुळे ऑफिस चालतं' असं ऐकायला मिळतं. पगारवाढीच्या पत्रात ते वाक्य नसतं.

देण्याने मनाला बरं वाटतं का? वाटतं. २००८च्या एका प्रयोगात पाच किंवा वीस डॉलर दुसऱ्यावर खर्च करायला सांगितलेले लोक स्वतःवर खर्च करणाऱ्यांपेक्षा संध्याकाळी जास्त खूश होते. त्यापलीकडे या मुद्द्यात फार काही काढण्यासारखं नाही, आणि खूश होण्यासाठी दान करा असा सल्ला मला थोडा ओशाळवाणा वाटतो.

उरतो तो छोटा धंदेवाला. टाटांना, जिजीभॉयांना थांबता येत होतं. तिसऱ्या दाराची परतफेड दहा वर्षांनी आली तरी चालणार होतं. वाण्याला उधारी थकली तर महिन्याचं भाडं थकतं. त्याने द्यावं काय? दुसऱ्याला मोलाचं आणि आपल्याला स्वस्त पडणारं: माहिती, ओळख, खरा सल्ला. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं, की नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते, कारण जवळच्यांना बहुधा आपल्याइतकंच ठाऊक असतं. सुताराने चांगल्या प्लंबरचा नंबर दिला, तर त्याचं काही जात नाही. असे नंबर देणाऱ्या सुताराचं नाव मात्र दहा घरांत पोचतं.

नाक्यावरचा गॅरेजवाला टायर बदलायला आलेल्याला सांगतो, 'साहेब, अजून पावसाळा निघेल यावर, दिवाळीला या.' त्याची आजची विक्री बुडते आणि त्या गिऱ्हाइकाच्या इमारतीतल्या चार गाड्या वर्षभरात त्याच्याकडे येतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागारालाही टायर चालेल हे दिसत असतं. पण त्याला महिन्याचं टार्गेट दिलेलं असतं, आणि सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परतलं तर त्याचं श्रेय तेव्हा खुर्चीवर जो असेल त्याला मिळणार असतं. मालक सभेत 'ग्राहकाला जास्त द्या' म्हणतात. सल्लागाराला टायर न विकण्याची मुभा देणारं परिपत्रक मात्र निघत नाही.